हेल्वीच्या निळ्या चिंध्या

एखादी गोष्ट कळली नाही की हेल्वी मुलारीला अन्न गोड लागत नसे. बाकी बाई साधी. एकतीस वर्षं तिने दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत काढली. गावोगावच्या दुधात थेंब थेंब औषध टाकायचं आणि रंग कोणता येतो ते बघायचं, हे तिचं काम. निवृत्त झाल्यावर तिने त्याच उत्साहाने स्वतःच्या विहिरीचं पाणी, शेजाऱ्यांच्या बटाट्यांची माती आणि एकदा तर कौकोच्या कुत्र्याची विष्ठाही तपासली. लग्न केलं नाही. का, असं कोणी विचारलंच तर म्हणायची, "कारण सापडलं नाही." तिच्यापुढे थापा मारायची गावात कोणाची छाती नव्हती, कारण ती रागावत नसे, पुढचा प्रश्न विचारत असे.

शिकारीच्या मंडळात ती चाळीस वर्षं होती. ऑक्टोबरात मूस, म्हणजे घोड्याएवढी हरणं, उठवायला कुत्री जंगलात सोडली की हेल्वी तळ्याकाठच्या आपल्या ठिकाणी ओंडक्यावर बसलेली असायची, मांडीवर बापाची रायफल. रायफल चांगली होती, पण नळी म्हातारी. आतल्या मळसूत्री खाचा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या आणि मधूनमधून गंजाने खड्डे पाडले होते. मागच्या हंगामात साठ पावलांवरच्या मूसवर तिने झाडलेली गोळी बाजूच्या भूर्जाच्या झाडात शिरली.

कौको तिचा मावसभाऊ आणि मंडळाचा म्होरक्या. तो अशी संधी सोडतो थोडाच!

"हेल्वीची गोळी सुटली की तिलाच विचारावं लागतं," तो शेकोटीपाशी म्हणाला, "बाई गं, आज कुणीकडे?"

सगळे हसले, हेल्वीही हसली. पण घरी येताना तिच्या मनात एकच होतं. ती गोळी झाडाऐवजी मूसच्या मागच्या पायात बसली असती, तर ते जनावर तीन दिवस लंगडत फिरून दलदलीत मेलं असतं. बर्फ वितळल्यावर ती रायफल घेऊन तैस्तोकडे गेली.

तैस्तो युंतुनेन शहात्तर वर्षांचा होता. गोठ्यामागच्या त्याच्या कार्यशाळेत चाळीस वर्षांत आसपासच्या सहा गावांच्या बंदुका येऊन गेल्या होत्या. खाचा पाडलेली पोलादी नळी तो कारखान्यातून आणायचा, लेथवर कातायचा, आटे पाडायचा, कडतुसाचं घर कोरायचा. एवढं तर कोणीही करील. तैस्तोचं नाव होतं ते शेवटच्या हातासाठी. नळीत सळई घालून तो तिच्यावर वितळलेलं शिसं ओतायचा. शिशाचा बोळा थिजला की प्रत्येक खाचेचा ठसा त्याच्यावर उठलेला असायचा. मग त्याला घासायच्या पुडीचं मलम लावून तो बोळा नळीतून पुढेमागे ओढत बसायचा, दोन दोन दिवस. नळी आत कुठे खडबडीत आहे हे डोळ्याला दिसत नाही. सळई जराशी अडते, आणि ते तळहाताला कळतं. त्या वसंतात त्याच्या एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, पण तळहाताला कुठे मोतीबिंदू होतो?

जूनच्या शेवटी त्याने नवी नळी बसवलेली रायफल हेल्वीच्या हातात दिली. बरोबर पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर पेन्सिलीने तीन ओळी. एक गोळी, मग साफ, असं दहा वेळा. मग तीन गोळ्या, मग साफ, असं पाच वेळा. चिंधी पांढरी येईस्तोवर.

"का?" हेल्वीने विचारलं.

"का म्हणजे?"

"म्हणजे दर गोळीला साफ का?"

तैस्तोला बोलायचा कंटाळा, पण हेल्वीपुढे कोणाचं चालतं! "कडतुसाच्या घरापुढे नळीचा घसा असतो," तो म्हणाला. "तिथं माझ्या हत्याराच्या बारीक रेघा राहतात. पहिल्या गोळ्या त्या रेघा घासून काढतात. पण गोळीला तांब्याचा पत्रा असतो ना, तोही घासला जातो आणि तिथंच चिकटतो. तो काढला नाहीस, तर पुढची गोळी पोलादावरून जाणार नाही, तांब्यावरून जाईल. मग रेघा तशाच राहतात आणि तांब्यावर तांबं चढत जातं."

"आणि चिंधी पांढरी आलीच नाही तर?"

तैस्तोने तिच्याकडे जरा वेळ बघितलं. "येते," तो म्हणाला आणि आत गेला.

हेल्वीने बापाचा नळी साफ करायचा गंजका गज फेकून दिला आणि शहरातून नवाकोरा आणला. त्याचं टोक कसं, चांदीसारखं पांढरंशुभ्र. रोज सकाळी ती गावाबाहेरच्या जुन्या खडीच्या खाणीत जायची. तिथे मंडळाची नेमबाजीची जागा होती. बाकावर वाळूची पिशवी ठेवायची, पंचाहत्तर मीटरवरच्या पाटीवर एक गोळी झाडायची आणि नळी हाताला गार लागेपर्यंत थर्मासमधली कॉफी प्यायची. मग मागचा खटका, म्हणजे बोल्ट, काढून नळीच्या मागच्या बाजूने गज घालायचा. टोकावर पांढरी चौकोनी चिंधी मधोमध टोचायची, ती औषधात भिजवून एका दमात पार करायची. औषधाला अमोनियाचा असा झणका की नाकातले केस जळावेत; तांबं भेटलं की ते निळं पडायचं. पहिल्या चिंध्या काजळीने काळ्याकुट्ट. मग औषध दहा मिनिटं नळीत मुरू द्यायचं आणि कोरडी चिंधी ओढायची.

पहिल्या दिवशी ती चिंधी बाहेर आली तेव्हा हेल्वी बाकावरून उठून उभीच राहिली. चिंधीवर निळ्याहिरव्या पट्ट्या होत्या, मोजून सहा, अगदी समान अंतरावर. नळीतल्या सहा खाचांनी सही करून दिली होती. एकतीस वर्षं तिने रंग पाहिले, पण इतका नेटका रंग दुधाने कधी दिला नव्हता. तिने ती चिंधी फेकली नाही. घरी आणून अंड्यांच्या ट्रेच्या पहिल्या खळग्यात ठेवली आणि पेन्सिलीने लिहिलं, एक.

त्यानंतरची प्रत्येक चिंधी अशी खळग्यात जाऊ लागली. जुलै अर्धा सरला, दहा गोळ्या झाल्या. मग तीन तीनचे पाच फेरेही झाले. भोकं सुरेख पडत होती, तीन भोकांवर आगपेटी ठेवली तर झाकली जावीत. फक्त साफसफाईनंतरची पहिली गोळी बोटभर वर जायची. आणि चिंधी? चिंधी निळीच. हेल्वीने गोळ्या झाडणं थांबवलं आणि नुसतंच साफ करायला सुरुवात केली. रोज दुपारी स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं, औषध, दहा मिनिटं, चिंधी. निळी. दुसऱ्या दिवशी परत निळी. जी नळी आठ दिवसांत एकही गोळी प्यायलेली नाही, ती तांबं ओकते कुठून?

ह्या प्रश्नाने तिला झपाटलं. ब्लूबेऱ्या पिकून गळल्या तरी ती जंगलात गेली नाही. बहिणीने बोलावलं तर म्हणाली, "आत्ता नाही जमणार, एक प्रयोग चाललाय."

आणि मग तिने ती चूक केली. चूक कसली, तिच्या मते साधा प्रश्नच विचारला. ओनेर्वाच्या दुकानात खिडकीजवळ एक लांब टेबल आहे. शनिवारी सकाळी वेलदोड्याचे गोड पाव भट्टीतून निघाले की तिथे कॉफीला अर्धं गाव जमतं. हेल्वी कप घेऊन बसली आणि म्हणाली, "तैस्तोनं केलेल्या नळीची चिंधी पांढरी यायला तुम्हां लोकांना किती दिवस लागले?"

"चिंधी बघतंय कोण?" कौको म्हणाला. "मी दोन ओढतो. तिसरी काळी नाही आली की नळी भिंतीला आणि मी सौनाच्या वाफेत."

"माझी सतरा दिवस निळी येतेय."

"सतरा?" ओनेर्वाने किटली खाली ठेवली.

"सतरा. गोळी न झाडता. म्हणजे आत कुठंतरी तांबं धरून ठेवणारा खडबडीतपणा असला पाहिजे, असं मला वाटतं. निदान तशी शक्यता आहे."

मग कोपऱ्यातून कोणीतरी हळूच म्हणालं, "त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय ना यंदा?"

बस्स. पुढचं सांगायला नको. गावात बातमीला पाय फुटायला काय लागतं! हेल्वीने 'शक्यता' म्हटलं होतं; बुधवारपर्यंत ती खात्री झाली आणि पुढच्या शनिवारी तैस्तोचा हात कापतो इथवर मजल गेली. कौकोच्या जावयाने तैस्तोला सांगितलेली नळी रद्द करून शहरात दिली. हे कानावर आलं तेव्हा हेल्वीला टोचलं. पण मी खोटं कुठं बोलले, असं तिने स्वतःला बजावलं. जे दिसलं तेच बोलले. तरीही तिला चैन पडेना, म्हणून रायफल, गज, औषध सगळं घेऊन ती तैस्तोकडे गेली.

तो बाकाशी उभा होता. "आलंय कानावर," तो म्हणाला.

"मी फक्त विचारलं, तैस्तो."

"हं."

"माझ्या पद्धतीत चूक असेल तर दाखव. मला कळायला हवं."

"करून दाखव. रोज करतेस तसंच, तुझ्याच गजानं."

तो हाताची घडी घालून बघत राहिला. हेल्वीने खटका काढला, चिंध्या ओढल्या, औषध मुरायला ठेवलं. त्या दहा मिनिटांत त्याने कॉफी ओतली आणि दोघांनी ती प्यायली. मग तिने कोरडी चिंधी ओढली. निळी.

"परत," तैस्तो म्हणाला.

परत निळी. तिसऱ्यांदाही. तैस्तोने नळी खिडकीच्या उजेडाकडे धरून आत पाहिलं. "दिसायला चकचकीत आहे," तो म्हणाला. "पण दिसण्यावर मी कधी काम केलं नाही, आता काय करणार." त्याने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातलाच नाही. उजवा तळहात उघडून तो त्याच्याकडे बघत राहिला. "अडत असतं तर मला कळायला हवं होतं, हेल्वी. मला कळलंच नाही."

"अरे, एवढं काय त्यात. औषध कमी पडत असेल, किंवा..."

"नाही. पद्धत तुझी बिनचूक आहे. मग उरली नळीच. दुसरी करून दिली असती. पण तीही ह्याच हातानं करायची ना."

हेल्वी घरी आली. त्या रात्री तिला झोप लागली नाही, पण त्याबद्दल ती कोणाला कधी बोलली नाही. चार दिवसांनी ती दुकानात गेली तर दारातल्या फळ्यावर तैस्तोच्या अक्षरात चिठ्ठी. लेथ विकणे आहे, हत्यारांसकट.

"गिऱ्हाईक मिळालंसुद्धा," ओनेर्वा म्हणाली. "कायानी शहरातला कोणी आहे. गुरुवारी दुपारी न्यायला येतोय. चाळीस वर्षं ते लेथ तिथं होतं गं. बायको गेली तेव्हासुद्धा दुसऱ्या दिवशी चालू होतं."

हेल्वीला पाव घ्यायचा होता, तो न घेताच ती परतली. एका म्हाताऱ्याने स्वतःच्या हातावरचा विश्वास घालवला होता, आणि तो घालवायला लावणारी ती होती. तिला मनापासून वाईट वाटलं. पण खोटं सांगून त्याचं समाधान करावं, हे तिच्या डोक्यातही आलं नाही. निळं ते निळंच. आता निदान हे निळं केव्हा संपणार, तेवढं तरी शोधावं. संपत आलेलं असेल तर तैस्तोला सांगता येईल, की बघ, उशीर लागला, पण आली पांढरी.

गुरुवारी सकाळी तिने स्वयंपाकघरातलं टेबल भिंतीला सरकवलं आणि अंड्यांचे अकरा ट्रे जमिनीवर ओळीने मांडले. तीनशे बारा चिंध्या, पहिलीपासून आजपर्यंत. हातात कॉफीचा कप, पायात लोकरी मोजे, अशी ती त्या ओळीच्या कडेने सावकाश चालू लागली. रंग फिका होत जातोय का? होय, थोडा. मग परत गडद. मग तसाच. ती शेवटपर्यंत गेली, मागे आली आणि पुन्हा निघाली. तिसऱ्या फेरीला ती गुडघ्यांवर बसली.

निळं होतं, ते कबूल. पण निळं कुठे होतं?

पहिल्या ट्रेमधल्या चिंध्यांवर त्या सहा पट्ट्या होत्या, कडेकडेने, जिथे कापड नळीला घासतं तिथे. तिसऱ्या ट्रेत पट्ट्या फिकट झाल्या होत्या. चौथ्या ट्रेच्या शेवटी त्या गेल्याच. तिथून पुढे प्रत्येक चिंधीवर फक्त एक निळा ठिपका होता, मधोमध, जिथे गजाचं टोक टोचलेलं असतं तिथे. हेल्वीने चिंधी उलटी केली. आतल्या अंगाला रंग जास्त गडद होता. बाहेरचं अंग, म्हणजे नळीला लागणारं अंग, पांढरं होतं. गेला महिनाभर बहुतेक ते पांढरंच होतं आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती, कारण ती रंग शोधत होती.

ती उठली. प्रयोगशाळेत नव्या पोरींना पहिल्याच दिवशी शिकवायचा धडा तिला आठवला. दूध तपासण्याआधी दुधाशिवाय तपासा. नुसती नळकांडी, नुसतं औषध. रंग आला तर भांडं घाण आहे, गाय नाही. हे तिने हजार वेळा बजावलं होतं आणि स्वतःच्या टेबलावर एकदाही केलं नव्हतं.

तिने गजाचं टोक काढून बशीत ठेवलं. कोरी चिंधी त्यावर टोचली आणि औषधाचे दोन थेंब टाकले. रायफल कपाटात होती, कुलपाआड. भिंतीवरच्या घड्याळात दहा मिनिटं जायला इतका वेळ कधी लागला नव्हता. तिने चिंधी उचलली.

निळी.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! तिने डेअरीतलं भिंग काढून टोक उजेडात धरलं. टोक पितळेचं होतं, वरून निकेलचा पातळ मुलामा. टोचायच्या अणीवर आणि कडांवर मुलामा झिजून आतलं पिवळं उघडं पडलं होतं, कल्हई उडालेल्या पातेल्यासारखं. पितळेतही तांबंच. औषध बिचारं आपलं काम चोख करत होतं. नळीतलं तांबं संपल्यावर त्याने गजातलं काढायला घेतलं होतं.

खरं सांगायचं तर हेल्वीला आधी आनंद झाला. "सापडलं!" असं ती रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणाली. तिचा स्वभावच तसा. मग तिची नजर घड्याळावर गेली, पावणेबारा, आणि तिला स्वतःच्या त्या आनंदाची इतकी लाज वाटली की कानशिलं तापली. चोर सोडून संन्याशाला फाशी देऊन ती टाळ्या पिटत होती.

तिने फोन लावला. तैस्तोचा फोन कार्यशाळेच्या खणात पडलेला असतो, तो कधीच उचलत नाही. मोजे बदलायलाही न थांबता तिने गाडी काढली. बशी, टोक, बाटली आणि भिंग शेजारच्या सीटवर. नऊ किलोमीटर खडीचा रस्ता, त्यात मध्येच रेनडिअरचा कळप. ते आपले रस्त्यावर उभे. हेल्वीने आयुष्यात पहिल्यांदा जनावरांना शिवी दिली.

ती पोचली तेव्हा लेथ ट्रेलरवर चढलेलं होतं. कायानीचा माणूस तिशीतला, धिप्पाड. तो पट्टे आवळत होता. तैस्तो पायरीवर उभा राहून बघत होता.

"तैस्तो, थांबव ते! नळीत तांबं नाही."

"मग कशात आहे?"

"माझ्या गजात."

हेल्वीने ट्रेलरच्या कडेवर बशी ठेवली, टोकावर नवी चिंधी टोचली आणि थेंब टाकले. "दहा मिनिटं," ती म्हणाली.

"मला अंधाराच्या आत पोचायचंय," कायानीचा माणूस म्हणाला.

"दहा मिनिटांनी अंधार पडत नाही."

तिघंही बशीकडे बघत राहिले. आधी कडा ओलसर राखाडी झाली, मग मधोमध आकाशी ठिपका उमटला, मग तो गडद होत गेला. तैस्तोने भिंग घेतलं. एका डोळ्याने नीट दिसेना, तर दुसऱ्याला लावलं.

"पितळ," तो म्हणाला. "वरून मुलामा."

"मला पांढरं दिसलं. मी पोलादच समजले."

"मीही पांढरंच पाहिलं. त्या दिवशी माझ्यासमोर तीनदा झालं आणि मी टोकाकडे बघितलंच नाही." तो पायरीवर बसला. उजवा हात त्याने उघडला, मिटला, परत उघडला. "म्हणजे अडत नव्हतं," तो म्हणाला. "अडत नव्हतं म्हणून हाताला कळलं नाही."

"तुझा हात शाबूत आहे रे बाबा," हेल्वी म्हणाली. " मीच ती गाढवीण. सोडा ते पट्टे, उतरवा ते लेथ! ए, ऐकतोस का?"

कायानीचा माणूस पट्टा हातात धरून उभा राहिला. "मी खाली काँक्रीट ओतून जागा केलीय," तो म्हणाला. "पण तुम्ही म्हणत असाल तर... तैस्तो, तुम्ही सांगा."

तैस्तोने लेथकडे बघितलं. मग म्हणाला, "शब्द दिलाय."

"अरे, तो शब्द तू माझ्या चुकीमुळे दिलास!" हेल्वी ओरडली.

"चूक तुझी. शब्द माझा."

तो उठला, ट्रेलरला वळसा घालून गेला आणि शेवटचा पट्टा त्याने स्वतःच आवळला. कायानीच्या माणसाशी हात मिळवताना, तिसऱ्या गिअरला जरा हळू, ते दात खातं, असं सांगितलं. ट्रेलर वळणाआड गेल्यावर दोघं आत आली. जमिनीवर लेथची चार पावलं होती, तेलकट फरशीत चार स्वच्छ चौकोन.

"मला माफ कर," हेल्वी म्हणाली. आयुष्यात हे शब्द तिने फार वेळा वापरले नव्हते. ते जरा वाकडेच बाहेर आले.

तैस्तोने झाडू घेतला. "मला आता ठाऊक झालं, माझं काम झालं," तो म्हणाला. "गावात तू बोललीस. गावात तूच बोल. आणि त्या नळीला आता हात लावू नकोस. रोज तिचं अंग खरवडतेस म्हणून पहिली गोळी वर जाते. दोन गोळ्यांची काजळी राहू दे तिच्या अंगावर, हंगाम संपेस्तोवर."

शनिवारी ओनेर्वाच्या दुकानात लांब टेबल भरलेलं होतं. हेल्वी बसली नाही. तिने वेलदोड्याच्या पावांची थाळी बाजूला सारली आणि बशी मध्ये ठेवली.

"आता काय, आमच्या कॉफीतलं दूध तपासणार?" कौको म्हणाला.

"गप बस आणि बघ."

अमोनियाच्या वासाने दोघंजण मागे सरकले. दहा मिनिटं कोणी उठलं नाही; काहीतरी आहे हे सगळ्यांना कळलं होतं. चिंधी निळी झाली तेव्हा हेल्वीने ती उचलून फिरवून दाखवली, मग गजाचं टोक भिंगासकट हातोहात दिलं. जिने आयुष्यभर दुसऱ्यांचं दूध नापास केलं, ती बाई दोन्ही हात टेबलावर टेकून उभी होती.

"इथं बसून मी तैस्तोच्या कामाबद्दल बोलले," ती म्हणाली. "ते खोटं होतं. मला खोटं वाटत नव्हतं, पण होतं. नळी चौथ्या ट्रेलाच स्वच्छ झाली होती. घाण माझ्या हातात होती. हे ज्याला ज्याला सांगितलं असेल, त्याला त्याला जाऊन सांगा, की हेल्वी चुकली."

कोणी हसलं नाही. कौकोने टोक परत बशीत ठेवलं आणि मान खाली घालून कप फिरवत राहिला. "मग जावयाला सांगतो," तो शेवटी म्हणाला. "शहरातलं रद्द कर म्हणतो, तैस्तोलाच दे. आजच जातो त्याच्याकडे."

"लेथ गेलं," हेल्वी म्हणाली. "गुरुवारी."

कौकोने वर पाहिलं.

"म्हणजे ती तुझी नळी," तो म्हणाला, "त्याची शेवटची?"

"हो," हेल्वी म्हणाली. "आणि ती चांगली आहे."